लग्न दोघांचं, मोहर कायद्याची

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

देहूरोड म्हटलं की पुण्या-मुंबईकडच्या माणसाला तीन गोष्टी आठवतात : लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो, लोकलचं स्टेशन आणि धम्मभूमी. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या विहारात ब्रह्मदेशातून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरची दीक्षा त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी झाली. म्हणून दरवर्षी २५ डिसेंबरला इथं माणसांची रीघ लागते.

ही तारीख महाराष्ट्राच्या इतिहासात आणखी दोनदा भेटते. २५ डिसेंबर १९२७ला महाडला मनुस्मृतीचं दहन झालं, हे आपल्याला पाठ असतं. त्याआधीची २५ डिसेंबर मात्र सहसा लक्षात राहत नाही. १८७३ साली याच दिवशी पुण्यात जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं भटजीविना पहिलं लग्न लावलं. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधाबाई निंबणकर. सत्यशोधक पद्धतीत वधू-वरांनी एकमेकांना वचन द्यायचं, वधूनं स्त्रियांचे हक्क मागायचे आणि वरानं ते कबूल करायचे. मध्ये पुरोहित नाही.

आज मला बोलायचं आहे ते समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला कायद्याची मान्यता मिळावी की नाही, याबद्दल. मग सुरुवात देहूरोडपासून आणि सत्यशोधक लग्नापासून का, असं कुणी विचारील. कारण सरळ आहे. 'लग्न म्हणजे अमुकच, ते अनादी काळापासून असंच आहे, त्याला हात लावाल तर समाज बुडेल' हे वाक्य महाराष्ट्रानं गेल्या दीडशे वर्षांत किती तरी वेळा ऐकलं आहे. ते प्रत्येक वेळी कोणत्या लग्नाविरुद्ध वापरलं गेलं आणि पुढं काय झालं, हे पाहिलं तर आजच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्या घरातच सापडतं.

एकच लग्न कधी नव्हतं

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. आपल्याकडे लग्नाची रीत एकच होती, हे खरं नाही. स्मृतिग्रंथांनीच विवाहाचे आठ प्रकार सांगितले. त्यांत ब्राह्म विवाह आहे, तसा दोघांच्या राजीखुशीचा गांधर्वही आहे. गावोगावच्या बहुजन जातींमध्ये विधवेचा 'पाट' लावत, त्याला कुठं 'मोहतूर' म्हणत. नवरा-बायकोचं पटलं नाही तर पंचांसमोर काडीमोड होई. मामाच्या मुलीशी लग्न ही महाराष्ट्रात कौतुकाची गोष्ट. उत्तरेत तीच गोष्ट ऐकून लोक कानावर हात ठेवतात. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानं जवळच्या नात्यातल्या लग्नांना बंदी केली, पण रूढी असेल तिथं सूट ठेवली. म्हणजे आपल्या मामेबहिणीच्या लग्नाला कायद्यानं रूढीच्या दारातून आत घेतलं.

इंग्रजी अमलात १८२७ साली मुंबई इलाख्यासाठी एल्फिन्स्टनच्या नावानं ओळखले जाणारे नियम आले. त्यांतही, स्पष्ट कायदा नसेल तिथं मुलखाच्या वहिवाटीप्रमाणे न्याय द्यावा, असं म्हटलं होतं. तेव्हा जात बदलली, तालुका बदलला की लग्नाची रीत बदले आणि न्यायालयं ते चालवून घेत. कायदा ज्याला 'लग्न' म्हणतो, ती गोष्ट या मातीत कायम हलती राहिली आहे.

तरीही प्रत्येक बदलाच्या वेळी भांडण झालंच. सत्यशोधक लग्नाचंच बघा. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८०च्या दशकात जोशीबुवांना न बोलावता घरचं लग्न लावलं. गावच्या जोशांनी दावा ठोकला. म्हणणं असं, की लग्न आम्ही लावलं नसलं तरी दक्षिणेचा वतनी हक्क आमचा आहे. प्रकरण वर वर चढत मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि अखेर निकाल पाटलांच्या बाजूनं लागला. आपलं लग्न कुणाकडून लावून घ्यायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं, ही आज साधी वाटणारी गोष्ट ओतूरच्या एका शेतकऱ्याला कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळवावी लागली.

त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी झालेलं लग्न. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४मध्ये दादाजी भिकाजीनं दावा लावला. १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८मध्ये तडजोड झाली आणि पुढं त्या डॉक्टर झाल्या. त्या वेळी वर्तमानपत्रांतून काय काय छापून आलं! धर्म बुडाला, बायका बिघडल्या, हे विलायती खूळ आहे. रखमाबाईंचा मुद्दा मात्र एका ओळीचा होता : ज्याला मी होकार दिला नाही, ते माझं लग्न कसं? आज कुठल्याही विवाह कायद्याचा पाया हाच आहे. दोघांची संमती.

पुढची यादी भराभर सांगतो. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला होता, पण १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरूड गावानं त्यांना वाळीत टाकलं. १९१९ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहाला कायद्यानं मान्यता दिली. ब्रिटिश मुलखात तेव्हा अशा लग्नासाठी १८७२च्या कायद्याखाली 'मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही' असं लिहून द्यावं लागे. १९२३च्या दुरुस्तीनं हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांची त्या प्रतिज्ञेतून सुटका झाली. १९४६च्या कायद्यानं सगोत्र विवाहाची अडचण गेली. १५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी दिल्लीत विवाह केला तो नोंदणी पद्धतीनंच. हिंदू कोड बिल अडलं म्हणून सप्टेंबर १९५१मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. आणि देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना झाली त्यानंतर बरोबर आठवड्यानं, १ जानेवारी १९५५ रोजी, विशेष विवाह कायदा देशभर लागू झाला. जात, धर्म, गोत्र, पुरोहित यांपैकी काहीही न विचारता लग्न लावणारा कायदा. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात ज्याच्यावर वाद झाला, तो हाच.

कर्व्यांचा मुलगा आणि आंबेडकरांची वकिली

या इतिहासात एक प्रकरण असं आहे, जे आजच्या विषयाला थेट भिडतं. धोंडो केशव कर्व्यांचे थोरले चिरंजीव म्हणजे रघुनाथराव. बापानं विधवेशी लग्न केलं म्हणून गावानं वाळीत टाकलं. मुलानं संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांवर लिहिलं म्हणून साऱ्या समाजानं. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक पदरमोड करून चालवलं. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना ते छापील उत्तरं देत. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर.

बाबासाहेबांचा युक्तिवाद असा होता, की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील होत नाही. लोक प्रश्न विचारतात ते त्यांना अडचण आहे म्हणून. त्याला शास्त्रीय उत्तर देणं हा गुन्हा नाही. समलिंगी ओढ काहींत निसर्गतःच असते, हे तेव्हाच्या पाश्चात्त्य संशोधनाचा आधार घेऊन त्यांनी कोर्टापुढं मांडलं. खटला कर्वे हरले, दंड भरला आणि पुन्हा मासिक काढायला लागले. या खटल्यांवर अजित दळवी यांनी लिहिलेलं 'समाजस्वास्थ्य' हे नाटक अतुल पेठे यांनी रंगभूमीवर आणलं, ते अनेकांनी पाहिलं असेल.

यावरून बाबासाहेबांनी समलिंगी विवाहाचा पुरस्कार केला, असं म्हणायचं नाही. तो प्रश्न तेव्हा जगात कुठंच उभा नव्हता. पण एवढं नक्की, की १९३४ साली मुंबईच्या कोर्टात, मराठी मासिकाच्या निमित्तानं, एका मराठी वकिलानं या माणसांना गुन्हेगार किंवा विकृत न मानता त्यांच्याबद्दल बोलण्याचा हक्क मागितला होता. 'हे सगळं कालपरवा टीव्हीवरून आलं' असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

'परदेशी' नेमकं काय?

परदेशातून काय आलं, हेही नीट तपासलं पाहिजे. समलिंगी संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगणारं ३७७ कलम आलं १८६०च्या इंडियन पीनल कोडमधून. त्याचा मूळ मसुदा मेकॉलेच्या आयोगाचा. ज्या इंग्लंडनं ते आपल्याला दिलं, त्यांनी १९६७पासून स्वतःकडचा तसा कायदा मोडीत काढायला सुरुवात केली. आपल्याकडे ते पुढं अर्धशतक राहिलं. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं त्याची धार काढली. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती परत लावली. आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की दोन सज्ञान व्यक्तींचा खाजगीतला, संमतीचा संबंध गुन्हा नाही.

या लढ्यातही महाराष्ट्र मागं नव्हता. 'बॉम्बे दोस्त' १९९०मध्ये मुंबईत निघालं, हमसफर ट्रस्ट १९९४मध्ये. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर सोप्या मराठीत पुस्तकं लिहिली. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' तर १९८१ सालचं. त्यातली सुमित्रा ज्या एकटेपणात संपून जाते, तो एकटेपणा कुठल्या परदेशातला नाही; आपल्याच एखाद्या शहराच्या कॉलेजातला आहे.

गुन्हा नाही, हे ठरलं. पण गुन्हेगार नसणं आणि नागरिक म्हणून पूर्ण हक्क असणं यांत फार अंतर आहे. ते अंतर किती, हे देहूरोडसारख्या गावातून छान दिसतं.

कागदावर 'कुटुंब' कोण?

या पट्ट्यात माणसाचं आयुष्य कागदांवर चालतं. डेपोतली नोकरी, पिंपरी-चिंचवडमधला कारखाना, चाकणची एमआयडीसी. नोकरीला लागलं की पहिल्या दिवशी फॉर्म भरायचा : भविष्य निर्वाह निधीचा, ग्रॅच्युइटीचा, विम्याचा. प्रत्येक फॉर्मवर एक रकाना असतो, कुटुंबाचा. तिथं पती किंवा पत्नी, मुलं, अवलंबून असलेले आईवडील अशी ठरलेली नाती बसतात. भविष्य निधीच्या नियमात तर असं आहे, की कुटुंबातलं माणूस हयात असताना बाहेरच्या कुणाचं नाव लावलं तर ते नामनिर्देशनच टिकत नाही.

आता समजा, दोन माणसं, दोघंही पुरुष किंवा दोघीही स्त्रिया, पंधरा वर्षं एका छपराखाली राहत आहेत. एकमेकांच्या आजारपणात रात्री जागल्या, घराचे हप्ते दोघांनी मिळून फेडले. त्यांतल्या एकाचा कारखान्यात अपघात झाला. दवाखान्यात सही कुणाची? पंधरा वर्षांच्या जोडीदाराची की पंधरा वर्षं तोंड न पाहिलेल्या भावाची? माणूस गेला तर कुटुंब निवृत्तिवेतन कुणाला? मृत्युपत्र नसेल तर घर कुणाचं? वारसा कायद्यात विधवा किंवा विधुर पहिल्या रांगेत आहे. या जोडीदाराला रांगच नाही. मृत्युपत्र केलं म्हणावं, तर त्याला आव्हान देणारे नातेवाईक कमी नसतात आणि मृत्युपत्रानं निवृत्तिवेतन मिळत नाही.

मुलांचं तर आणखी अवघड. दत्तक नियमांप्रमाणे जोडप्याला मूल घ्यायचं तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं. अविवाहित व्यक्तीला एकटीला दत्तक घेता येतं. म्हणजे घरात दोघं आईबाप, कागदावर एकच. तो एक गेला तर मूल दुसऱ्याकडे परक्यासारखं.

करांच्या बाबतीतही तेच. नवऱ्यानं बायकोला पैसे दिले तर तिला भेटीवरचा कर नाही. परक्याकडून वर्षाला पन्नास हजारांहून अधिक मिळालं तर ते उत्पन्न धरतात. या भेदाविरुद्ध एका समलिंगी जोडप्यानं २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आहे. लग्नाची मान्यता मागणारे लोक वाजंत्री आणि वरातीसाठी भांडत नाहीत. ते या रकान्यांसाठी भांडतात.

२०२३चा निकाल

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. मागणी अशी होती, की विशेष विवाह कायद्याच्या चौथ्या कलमात 'कोणत्याही दोन व्यक्तीं'मधील विवाह असे शब्द आहेत, तेव्हा त्यात आम्हालाही धरा. पण त्याच कलमात पुढं पुरुषाचं वय २१ आणि स्त्रीचं १८ असंही आहे, आणि कायद्यात ठिकठिकाणी पती-पत्नी आहेत. विवाह करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही, आणि या कायद्याची अशी दुरुस्ती न्यायालयानं करायची नाही, यावर पाचही जणांचं एकमत झालं. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल यांचं मत असं, की निदान अशा सहजीवनाला काही कायदेशीर ओळख मिळण्याचा हक्क आहे. न्यायमूर्ती रवींद्र भट, हिमा कोहली आणि पी. एस. नरसिंह यांनी तेही नाकारलं, आणि तीन विरुद्ध दोन असा तो मुद्दा निकालात निघाला. चंद्रचूड घराणं मूळचं चाकणच्या पुढच्या, खेड तालुक्यातल्या कनेरसरचं. म्हणजे या वादाच्या एका टोकाचं मत आपल्याच जिल्ह्यातल्या घरातून आलेलं आहे. जानेवारी २०२५मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या.

मात्र निकालात सगळेच दरवाजे बंद नाहीत. तृतीयपंथी किंवा लिंगबदल केलेल्या व्यक्तीला, जोडी स्त्री-पुरुष अशी असेल तर, सध्याच्याच कायद्यानं विवाह करता येतो, असं न्यायालयानं सांगितलं. समलिंगी जोडप्यांच्या व्यावहारिक अडचणी पाहण्यासाठी केंद्रानं समिती नेमली. २०२४मध्ये शिधापत्रिकेसाठी अशा जोडप्याला एक कुटुंब धरावं, बँकेत संयुक्त खातं आणि नामनिर्देशन याला आडकाठी नाही, असे खुलासे निघाले. चांगली गोष्ट आहे. पण परिपत्रकानं मिळालेलं परिपत्रकानं जाऊ शकतं. कायद्यानं मिळालेलं काढायला संसदेत उभं राहून कारण सांगावं लागतं.

आक्षेप आणि त्यांची उत्तरं

आता आक्षेप. ते टाळून चालणार नाही, कारण ते मांडणारी सगळीच माणसं दुष्ट नसतात. बरीचशी आपल्याच घरातली असतात.

पहिला आक्षेप : लग्न संततीसाठी असतं. तसं असतं तर साठीनंतर लग्न करणाऱ्यांना निबंधकानं परत पाठवलं असतं. मूल न होणं हे घटस्फोटाचं कारण कायद्यात नाही. उतारवयात एकमेकांच्या आधारासाठी लग्न करणाऱ्यांचं आपण कौतुक करतो, त्यांचे मेळावे भरवतो. आधार हे कारण त्यांना चालतं, तर इतरांना का नाही?

दुसरा : धर्माला चालत नाही. ठीक. कुठल्याही देवळानं, चर्चनं, मशिदीनं किंवा विहारानं अशी लग्नं लावलीच पाहिजेत, असं कुणी म्हणत नाही. मागणी आहे नोंदणी विवाहाची. महिनाभराची नोटीस द्यायची, तीन साक्षीदार आणायचे आणि सही करायची. ज्या कायद्यात धर्माला मुळातच जागा ठेवलेली नाही, तिथं धर्माचा नकाराधिकार कुठून आला?

तिसरा : समाज तयार नाही. समाज १८७३मध्ये तयार नव्हता, १८९३मध्ये नव्हता आणि १९५१मध्येही नव्हता. आजही आंतरजातीय लग्नावरून मुलामुलींचे जीव घेतले जातात. म्हणून आपण आंतरजातीय विवाहाचा कायदा रद्द करत नाही. उलट त्या जोडप्यांना संरक्षण मागतो. कायदा समाजाच्या मागून गेला असता तर मुरूडकरांनी कर्व्यांना कधीच परत घेतलं नसतं.

चौथा जरा वेगळ्या बाजूनं येतो. स्त्रीवादी मंडळींपैकी काही म्हणतात, लग्नसंस्थाच मुळात विषमतेची, मग तिच्यात शिरता कशाला? आक्षेप गंभीर आहे. पण लग्न नको म्हणण्याला अर्थ येतो तो लग्न करता येत असेल तर. आणि जिथं कोण नवरा, कोण बायको हे आधी ठरलेलं नाही, तिथं घरकाम, पैसा आणि निर्णय यांची वाटणी दोघांना बसून ठरवावी लागते. सत्यशोधक लग्नातली वधू जे वचन मागत होती, ते हेच.

पाचवा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : हे काम कोर्टाचं नाही, लोकप्रतिनिधींचं आहे. मान्य. मग लोकप्रतिनिधींनी ते करावं. १ एप्रिल २०२२ रोजी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. 'पती-पत्नी'च्या जागी 'जोडीदार' असा शब्द घालावा, असा त्याचा सरळ आशय. चर्चा झालीच नाही. २०२४मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपलं.

वराडचं नाव

आयर्लंडनं हा प्रश्न सगळ्या जनतेपुढं ठेवला. २२ मे २०१५च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी होकार दिला. तो देश कॅथलिक चर्चच्या धाकात वाढलेला; तिथं घटस्फोटही १९९५च्या सार्वमतानंतरच आला. त्या सार्वमताच्या चार महिने आधी तिथल्या एका मंत्र्यानं रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. त्याचं नाव लिओ वराडकर. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१७मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०१९मध्ये वराडला येऊन गेले तेव्हा अख्खा गाव स्वागताला लोटला. आपल्या मातीतला मुलगा परक्या देशाचा पंतप्रधान झाला, याचा अभिमान गावाला वाटला, तो रास्तच होता. हाच मुलगा मालवणातच राहिला असता, तर त्याला आपल्या जोडीदाराचं नाव शासनाच्या एकाही विवाह नोंदवहीत घालता आलं नसतं, एवढीच त्यातली बोच.

२००१ साली नेदरलँड्सनं सुरुवात केली. आज तीसहून अधिक देशांत असे विवाह कायदेशीर आहेत. हे फक्त युरोप-अमेरिकेचं आहे, असंही राहिलेलं नाही : दक्षिण आफ्रिका २००६, तैवान २०१९, थायलंड जानेवारी २०२५. नेपाळमध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर नोव्हेंबर २०२३मध्ये पहिली नोंदणी झाली. यांपैकी कुठंही स्त्री-पुरुषांची लग्नं व्हायची थांबली नाहीत.

महाराष्ट्राला काय करता येईल?

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. विवाह हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणजे त्यावर केंद्राप्रमाणे राज्यालाही कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी विरोध येत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. तामिळनाडूनं हे करून दाखवलं आहे. पेरियारांच्या आत्मसन्मान चळवळीत पुरोहिताविना, हार आणि अंगठीच्या साक्षीनं लग्नं लागत. कोर्टांत ती टिकत नसत. १९६७ साली अण्णादुराईंच्या सरकारनं हिंदू विवाह कायद्यात राज्यापुरतं नवं कलम घालून ती वैध केली, आधी झालेलीसुद्धा. एका विधानसभेनं पिढ्यांचा प्रश्न सोडवला.

महाराष्ट्राची परंपरा याहून जुनी आहे. त्यामुळं 'आम्ही काय करणार, दिल्लीचं काम आहे' हे उत्तर मुंबईच्या विधानभवनाला शोभत नाही. विवाहाचा पूर्ण कायदा करायला वेळ लागेल, असं धरू. पण राज्य सरकारच्या हातात असलेल्या गोष्टी तरी आहेत : सरकारी दवाखान्यात सहीचा आणि मृतदेह ताब्यात घेण्याचा हक्क, राज्य कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनातली कुटुंबाची व्याख्या, भाड्याच्या घरातला वारसा, घरातून पळून आलेल्या जोडप्यांना पोलिस संरक्षण. मद्रास उच्च न्यायालयानं मे २०२५मध्ये म्हटलंच आहे, की कुटुंब उभं राहायला लग्न हा एकमेव मार्ग नाही. त्या धाग्यानं निदान सहजीवनाची नोंद सुरू करता येईल.

येत्या २५ डिसेंबरलाही देहूरोडला गर्दी होईल. पंढरीच्या वाटेनं देहूहून निघणारी तुकोबांची पालखीही याच परिसरातली. माणसाला जन्मानं मिळालेल्या गोष्टीवरून त्याचा हक्क ठरवू नये, ही शिकवण इथल्या हवेत आहे, असं आपण भाषणांत नेहमी म्हणतो. कुणाचं मन कुणावर जडावं, हेही माणूस ठरवून ठरवत नाही. ओतूरच्या पाटलांनी जोशीबुवांना विचारलं होतं : लग्न आमचं, मग परवानगी तुमची का? तोच प्रश्न आज आपल्याच शेजारच्या खोलीत राहणारं एखादं जोडपं आपल्याला विचारत असेल. जोशीबुवांची जागा आपण घ्यायची की पाटलांच्या बाजूला उभं राहायचं, एवढंच आपल्याला ठरवायचं आहे.